ठसा आणि फराटा

आमच्या मास्तरांनी आयुष्यात कुणाला ‘जिंकलास का?’ असं विचारलं नाही. पोरगं स्पर्धेतून तोंड सुजवून येवो नाहीतर गळ्यात पदक घालून येवो, मास्तरांचा प्रश्न एकच. “ठसा का फराटा?” समोरच्यानं खाली मान घातली की त्यांना उत्तर मिळालेलं असायचं. पदक सोन्याचं का रुप्याचं, हे त्यांना मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नंतर सांगावं लागायचं.

मास्तर बॉक्सिंग शिकवायचे, आणि तेही कोल्हापुरात. अर्धा खुळेपणा तर इथंच आला. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याला तालमीची माती दाखवतात. मातीत रमलं नाही तर त्याच्यापुढं फुटबॉल टाकतात. पेठेच्या मॅचवरून सख्खे भाऊ आठ-आठ दिवस बोलत नाहीत, असं हे गाव. त्यात हातात कातड्याच्या पिशव्या घालून एकमेकांची नाकं फोडायची, हे कुणाला पटावं? माझे आबा त्याला बॉक्सिंग म्हणायचेच नाहीत. “जाऊन आलास काय गुद्दागुद्दीला?” असं विचारायचे. मास्तरांना कुणी चुकून ‘वस्ताद’ म्हटलं की ते चिडायचे. “वस्ताद तिकडं तालमीत. तेंस्नी दूध-बदाम लोक आणून देत्यात. मला कोण चहा पाजत न्हाय. मास्तर म्हणा.”

शाळेच्या मागं एक पत्र्याचं शेड होतं, तिथं आमचं सगळं चालायचं. रिंग म्हणजे शेणानं सारवलेल्या जमिनीवर चार खांब आणि काथ्याचा दोर. कोपऱ्यात एक पोतं टांगलेलं, आत जुन्या साड्या आणि लाकडाचा भुसा. या पोत्याला मास्तर ‘पावणं’ म्हणायचे. “पावण्याला अगोदर जयभीम घाल, मग मार. दारात आलेल्या माणसाला कोण आल्या आल्या हाणतंय व्हय?” आणि आम्ही, कॉलेजात जाणारी घोडी, खरोखर त्या पोत्याला हात जोडून मग मारायचो. बाहेरून जाणारी माणसं थांबून हसायची. मास्तर त्यांच्याकडं बघायचेही नाहीत.

आता ठसा आणि फराटा म्हणजे काय, ते सांगतो. दर रविवारी सरावाच्या लढती व्हायच्या. मास्तर एका डब्यात गेरू कालवायचे, बायका तुळशीच्या कट्ट्याला लावतात तोच. फडक्यानं तो ग्लोव्हजच्या फक्त पुढच्या भागाला, मुठीची हाडं येतात तेवढ्याच जागेला, चोपडायचे. दोघांच्या अंगात पांढरी बनेलं. मूठ घट्ट वळून, मनगट ताठ ठेवून, खांद्यातून सरळ मारलं की समोरच्याच्या बनेलवर गोल, भरीव शिक्का उठायचा. तो ठसा. मनगट ढिलं सोडून हात बाहेरून फिरवला, चापट मारल्यासारखा मारला, की नुसती एक तांबडी ओढ उमटायची. तो फराटा. लढत संपली की बनेलं दोरीवर टांगायची. मास्तर हात पाठीमागं बांधून एकेका बनेलपुढं उभे राहायचे आणि नाक लावून बघायचे. ठसे उठवून हरलेल्याला उकडलेलं अंडं. फराटे ओढून जिंकलेल्याला अंडं नाही, उलट समोरच्याचं बनेल त्यानं घरी नेऊन धुवायचं.

गेरू कधी धुऊन निघतो होय? आमची आई वैतागून जायची. “कुणाच्या घरची ही घाण आणलीस? तुझा मास्तर काय घरं सारवायचं कंत्राट घेतोय काय?” कोपऱ्यावरच्या वाण्याचीही हीच समजूत होती. दर पंधरवड्याला पुडा भरून गेरू नेणारा हा माणूस रंगारी असणार असं धरून त्यानं एकदा मास्तरांना स्वतःच्या घराच्या कंपाउंडचं काम विचारलं होतं. मास्तर म्हणाले, “करतो की. भिंत हलाय नको फक्त.”

बाकी त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर दिवस जाईल. ते दारातून आत येताना डावा पाय पुढं टाकूनच यायचे. एसटीच्या रांगेतसुद्धा डावा खांदा पुढं, हनुवटी खाली, अशा पवित्र्यात उभे. मागचा माणूस आपोआप हातभर लांब सरकायचा. चहाचा कप डाव्या हातानंच उचलायचा, हा आम्हा सगळ्यांना दंडक होता. कुलूप डाव्या हातानं उघडायचं, शर्टाची बटणं डाव्या हातानं लावायची. “उजव्याला आईबाप शिकवत्यात. डावं पोरकं असतंय. त्याला मी शिकवणार.” चुकून कुणी कप उजव्या हातात धरला की मास्तर तो सरळ काढून घ्यायचे आणि स्वतः पिऊन टाकायचे. मी पहिल्या महिन्यात किती कप घालवले त्याची गणती नाही.

आणि ते उभं राहणं! नव्या पोराला पहिले तीन महिने एकही ठोसा मारू द्यायचे नाहीत. फुटक्या आरशासमोर हात वर करून नुसतं उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघत. “आपल्याला आपली भीती वाटाय लागली की मग दुसऱ्याची वाटत न्हाय,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. मला ते तेव्हाही कळलं नाही, आताही पुरतं कळलेलं नाही. दहातली सात पोरं त्या आरशासमोरूनच पळून जायची.

मास्तर पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर. आत शिरलं की समोर बुद्धाची मूर्ती, वर निळ्या कोटातला फोटो, आणि खाली ग्लोव्हज घातलेले तरणे मास्तर. आम्ही कसबा बावड्याचे, शेतीवाडीवाले. मी त्यांच्या घरी चहा पितो हे आमच्या भावकीत दोघा-तिघांना खुपायचं. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण ‘शिकायला दुसरं कोण भेटलं न्हाय व्हय?’ असं आबांच्या कानावर यायचं. आबा माझ्यापर्यंत ते येऊ द्यायचे नाहीत, एवढं मात्र त्यांचं मानतो.

एकदा मी मास्तरांना विचारलं होतं, या गेरूचं एवढं का मनावर घेता? ते बनेल घडी करत होते. म्हणाले, “पलटणीत फायनलला तीन राउंड मी सरळ डावा घातला. सगळं पोतं भरल्यागत भरलं त्याला. पंचांनी हात दुसऱ्याचा वर केला. का केला ते तेंचं तेंस्नी ठाऊक. आमच्या माणसानं मारलेलं लोकांस्नी दिसत न्हाय, लगा. तवाच ठरवलं, असं मारायचं की दिसायलाच पायजे. ठसा उठला की मग न्हाय म्हणून दाखवा म्हणावं.” एवढं बोलून घडी केलेलं बनेल त्यांनी पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी केली.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मास्तर सांगून होत नाहीत.

त्या काळात राज्य स्पर्धेत पदक असलं की खेळाडूंच्या जागेवर पोलिसात लागायची आशा असायची. आम्ही तीन भाऊ, रान वाटून घेतलं तर प्रत्येकाला एक वाफा येईल एवढं. आबांनी मला मनातल्या मनात खाकी वर्दी चढवून टाकली होती. गुद्दागुद्दी म्हणणारा माणूस, पण ज्या दिवशी कळलं की पदकावर नोकरी आहे, त्या दिवसापासून सकाळी म्हशीच्या धारेचा पहिला तांब्या माझ्यापुढं यायला लागला. मी मेहनत केली. खोटं कशाला बोलू, जीव तोडून केली. मास्तरांच्या हाताखाली चार वर्षं झालेली. माझा सरळ डावा बघायला शेजारच्या तालमीतली पोरं यायची.

स्पर्धा पुण्याला होती. आबा आदल्या दिवशीच एसटीनं आले. धोतर-टोपी, हातात भाकरीचं गठुळं आणि एक किलो पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, “आबा, पेढे आत्ताच कशाला?” तर म्हणाले, “पुण्यात पेढं म्हाग असत्यात.” पहिली लढत मी जिंकलो. दुसरी जिंकली की किमान कांस्यपदक हातात, कारण उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही ते मिळतं. म्हणजे दुसरी लढत हीच माझी नोकरी.

समोर नगरचा एक पोरगा होता, माझ्याहून वीतभर उंच. त्याचा हात लांब, माझा सरळ डावा त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो मागं सरकायचा. पहिला राउंड बरोबरीत गेला. दुसऱ्यात मी वैतागून एक हात बाहेरून फिरवला, चापटीसारखा, त्याच्या कानशिलावर. फट् असा आवाज झाला, लोक ओरडले. मी गुणफलकाकडं बघितलं, गुण मिळाला. पुन्हा फिरवला, पुन्हा मिळाला. आयला, एवढं सोपं? चार वर्षं मनगट ताठ करून मेलो आणि इथं चापटीला गुण! मी फिरवतच राहिलो.

राउंड संपला, कोपऱ्यात येऊन बसलो. मास्तर माझ्या तोंडावर पाणी मारत होते, पण त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं नव्हते, ग्लोव्हजकडं होते.

“फराटं ओढालायस.”

“मास्तर, पॉइंट मिळालेत.”

“पॉइंट तेंचं हाय. हात माझा हाय.”

“मास्तर, एकच राउंड राहिलाय. मी पुढं हाय.”

“आणि एक फराटा मारलास तर टॉवेल टाकीन बघ.”

मी हसलो. खरंच हसलो. कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये टाकला की लढत सोडली, हार कबूल केली असा अर्थ. हरणाऱ्याचा, मार खाणाऱ्याचा टॉवेल टाकतात, जिंकणाऱ्याचा कोण टाकतो? मास्तरांच्या नेहमीच्या खुळ्या बोलण्यातलं आणखी एक, असं धरून मी उठलो.

तिसऱ्या राउंडमध्ये सुरुवातीला मी सरळ मारायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण तो पोरगा आता चेव घेऊन आला होता, आणि मला डोळ्यांसमोर आबांचा पुडा दिसत होता. अर्धं मिनिट उरलं असेल. मी हात फिरवला. फट्! सगळा हॉल उठला. आणि माझ्या पायापाशी काहीतरी पांढरं येऊन पडलं.

निळ्या काठाचा तो टॉवेल मी ओळखत होतो. त्याच्या एका टोकाला गेरूचा न निघालेला डाग होता. रेफ्रीनं तो उचलला आणि चक्क नगरच्या पोराच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिकडच्या कोचनं घाबरून दोन्ही हात हलवले, माझा न्हवं, माझा न्हवं. रेफ्री बावचळला. “कुणाचा आहे हा?” हॉलमध्ये हसायला लागले होते. तेव्हा मास्तरांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, “आमचा.”

झालं. नगरच्या पोराचा हात वर गेला. त्याला स्वतःलाच काही कळत नव्हतं, तो माझ्याकडं बघून ‘काय झालं?’ असं विचारत होता.

आबा वरच्या गॅलरीतून खाली आले. मला वाटलं आता मास्तरांच्या गळ्याला हात घालतात. पण आबांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं धरला. “घ्या, मास्तर. तुमचं तोंड गोड करा. माझ्या पोराचं वाटोळं केलंसा, त्याचं.” मास्तरांनी तो पुडा दोन्ही हातांनी घेतला. येताना एकाच एसटीत होतो आम्ही. मी आणि आबा पुढं, मास्तर मागच्या बाकावर. साताऱ्याला मी वळून बघितलं, तर तो पुडा त्यांच्या मांडीवर तसाच, सुतळी न सोडलेला. पुढं कधीतरी मावशींनी सांगितलं, त्यांनी तो फळीवर ठेवला तो ठेवलाच. कुणाला हात लावू दिला नाही, शेवटी बुरशी आल्यावर मावशींनीच गुपचूप टाकून दिला.

ही बातमी कोल्हापुरात आमच्या आधी पोचली. मास्तरांचं नाव ‘टॉवेलवाला’ पडलं. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, “काय मास्तर, आज कुणाला हरवून आलासा?” आयांनी आपापली पोरं काढून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? गावात दुसऱ्या टोकाला एकानं नवीन वर्ग काढला, तिथं पंधरा दिवसांत रिंगमध्ये उतरवायचे. त्यांची पोरं चापट्या मारून पदकं आणायला लागली, त्यातली काही नोकरीला चिकटली. मास्तरांकडं राहिली ती तीन-चार, तीही कुठं जायचं ठाऊक नसलेली.

मी दोन वर्षं तिकडं फिरकलो नाही. पुन्हा स्पर्धेला उतर म्हणून मित्रांनी सांगितलं, पण हातच उचलेना. गावच्या दूध संस्थेत चिकटलो, अजून तिथंच आहे. सकाळ-संध्याकाळ म्हशीच्या दुधाचा फॅट बघायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या. आबा मला कधी टोचून बोलले नाहीत. पण गल्लीत कुणाचं पोरगं भरती झालं की ते त्या दिवशी लवकर जेवून झोपायचे. ते मला पुरायचं.

त्या दोन वर्षांत मी स्वतःला एक गोष्ट सांगत बसलो. मास्तर बरोबर होते. नोकरी गेली ती गेली, पण निदान कशासाठी तरी गेली. सगळ्या दुनियेत एक माणूस असा निघाला की ज्यानं खोटं जिंकण्यापेक्षा खरं हरणं पत्करलं, आणि तो माझा मास्तर होता. हे एकदा मनाशी पक्कं केल्यावर जगणं सोपं झालं. नाहीतर काय होतं माझ्यापशी? एका रविवारी सायकल काढली आणि शेडवर गेलो. मास्तर एकटेच पोत्यासमोर उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “पावण्याला जयभीम घाल.” मी घातला. त्यानंतर दर रविवारी जात राहिलो.

पण शेडच ओस पडत चाललं होतं. घरोघरी केबल आली. पोरं रात्रंदिवस टीव्हीवरची ती परदेशी खोटी कुस्ती बघायची. मास्तरांनी एकदा माझ्याबरोबर पाच मिनिटं ती बघितली आणि उठून गेले. “मारतोयबी खोटं, पडतोयबी खोटं. फराट्यात तरी निदान हात लागतोय रं.” पुढं जिम निघाल्या, आरशाच्या भिंती आणि गाण्यांचा दणदणाट. गल्लीतली पोरं दंड फुगवून बनेलवर फिरायला लागली, ठोसा खायची तयारी मात्र कुणाची नाही. गंमत म्हणजे तो दुसऱ्या टोकाचा पदकवाला वर्गसुद्धा बंद पडला. एकदा पदक आणि नोकरी हेच दुकान झालं, की गिऱ्हाईक जिथं स्वस्त मिळेल तिकडं जाणारच. मला वाटलं होतं मास्तरांना बरं वाटेल. पण ते संध्याकाळी म्हणाले, “फराटं मारत हुती, पण हुती की. आता तेबी न्हाईत.”

मध्ये एकदा ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाच्या पोराला बॉक्सिंगचं पदक मिळालं. आठवड्यात आठ-दहा पोरं आयांना घेऊन शेडवर हजर. मास्तर इतके हरखले की नवा गेरू आणला, आरसा पुसला. एक आई म्हणाली, “सर, किती दिवसांत मेडल येईल?” मी मास्तरांना डोळ्यांनी खुणावत होतो, कायतरी गोड बोला. मास्तर म्हणाले, “पयलं तीन म्हैनं नुसतं उभं ऱ्हायचं.” दिवाळीपर्यंत आरशासमोर एक पोर उरलं नाही. त्या दिवाळीनंतर शाळेनं शेड परत मागितलं, सामान ठेवायला. मागितलं म्हणजे काय, होतंच त्यांचं. मी आणि मास्तर दोघांनी मिळून पावणं काढलं. रिक्षात ते माझ्या मांडीवर आणि मास्तरांच्या मांडीवर आडवं. मास्तरांनी रस्ताभर त्याच्यावर हात ठेवला होता.

पोतं त्यांच्या घरासमोरच्या पडवीत टांगलं. वस्तीतली बारकी पोरं त्याच्यावर झोके घ्यायची. आणि तशातच मास्तरांना लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते उजव्या हातानं डावा हात उचलून बघत होते, सोडला की तो खाली पडायचा. “ज्याला आयुष्यभर शिकवलं, त्योच गेला बघ,” म्हणाले. मला तिथं उभं राहवेना. बाहेर जिन्यात जाऊन रडलो, लोक बघत होते तरी.

घरी आणल्यावर मी रोज सकाळी दूध घेऊन जायचो. एके दिवशी गेलो तर मावशी दारातच भेटल्या. म्हणाल्या, “काल एक फौजदार येऊन गेला. तवापासनं ह्यांनी अन्न घेतल्यालं न्हाय. तू जरा बघ, बाबा.”

आत मास्तर भिंतीला टेकून बसले होते. मी बसलो. ते समोरच्या ग्लोव्हजवाल्या फोटोकडं बघत होते. मग म्हणाले, “नगरचा त्यो पोरगा. तुझ्या समोरचा. फौजदार झालाय. बंदोबस्ताला आलता हिकडं, हुडकत घरापतोर आला. माझं पाय धरलं त्यानं. म्हणाला, मास्तर, तुमच्या टॉवेलनं माझं घर उभं ऱ्हायलं.”

मी दुधाची किटली बाजूला सरकवली.

“मी त्याला इचारलं, तू त्या दिवशी कसा मारालतास? तर हसला. म्हणाला, आम्ही बी चापट्याच मारायचो की मास्तर, सगळंच मारायचं.” मास्तर माझ्याकडं बघायला लागले. “मी तुझाच हात बघालतो रं. तीनी राउंड. त्याच्या हाताकडं माझं ध्यानच न्हवतं. एकदा जरी बघितलं असतं तर...”

त्यांचा अर्धा ओठ थरथरत होता, अर्धा तसाच पडलेला.

“टॉवेल टाकाय नको हुता. चुकलं माझं. तुझं वाटोळं झालं आणि ठसा काय कुणाचाच उठला न्हाय.”

काय सांगू, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. पंधरा वर्षं नव्हता आला एवढा. अहो मास्तर, तुम्ही बरोबर होता एवढ्यावरच मी जगलो ना! आबा त्याच दुःखात गेले. मी लोकांच्या दुधात पाणी शोधत बसलो. आणि आता तुम्ही म्हणता चुकलं? मग मी हरलो कशासाठी? हे सगळं घशापर्यंत आलं होतं. पण समोर तो पडलेला डावा हात, चटईवर कुणाचातरी विसरून राहिल्यासारखा. मी गिळलं सगळं. हसलो.

“न्हाय मास्तर. बरोबर केलासा तुम्ही. चुकीचं कायबी न्हाय. मला कधी वाईट वाटलं न्हाय त्याचं. मजेत हाय की मी.”

मास्तरांनी मान थोडी वाकडी केली. दोरीवर टांगलेल्या बनेलकडं बघायचे तसे नाक पुढं काढून, डोळे बारीक करून, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. चुकवून चुकवायचं कुठं?

“फराटा,” ते म्हणाले.

मी खाली मान घातली.

मावशींनी चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. मास्तरांनी कप उजव्या हातानं उचलला, त्यांना दुसरा हात नव्हताच. तो पहिला महिना सोडला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर मीही कप उजव्या हातानं उचलला. मास्तरांनी बघितलं, आणि काढून घेतला नाही.